कापूसकोंड्याची गोष्ट आणि पत्त्यांमधलं अनंत

लहानपणी कुणीतरी तुम्हाला कापूसकोंड्याच्या गोष्टीत नक्की अडकवलं असणार. गोष्ट सांगू का, असं तो विचारतो. तुम्ही हो म्हणा, नको म्हणा, नाहीतर गप्प बसा. तो तुमचंच उत्तर उचलून परत तोच प्रश्न विचारतो. आम्ही कोड लिहिणारे याला इन्फिनिट लूप म्हणतो. सर्व्हरवर असा लूप अडकला की मी सरळ प्रोसेस बंद करते. पण समजा, समोर दोन माणसं स्पर्धेत खेळतायत आणि लूप त्यांच्या डावात अडकलाय. मग थांबायचं कुणी? आणि जिंकलं कोण? आजचा एपिसोड याच प्रश्नावर.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो बनवला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टनं 1993 मध्ये बाजारात आणला. इथं प्रत्येक कार्डावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो, आणि नवी कार्डं दरवर्षी येतच राहतात. आज त्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे आहे. कुठलं कार्ड कुठल्या कार्डाला जाऊन भिडेल, हे बनवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. 1996 मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर झाली, बक्षिसाचे पैसे आले, आणि "बघू नंतर" म्हणणं परवडेनासं झालं. साधारण 50 मिनिटांच्या राउंडमध्ये अनंत बसवायचं कसं?

पहिला प्रकार सगळ्यात सोपा. 2007 मध्ये ओब्लिवियन रिंग नावाचं कार्ड आलं. ते टेबलावर आलं की दुसरं एक कार्ड खेळाबाहेर टाकतं, आणि स्वतः गेलं की ते कार्ड परत येतं. आता टेबलावर जमिनीची कार्डं सोडून दुसरं काहीच नाही, आणि अशा तीन रिंगा लागोपाठ आल्या. तिसरी दुसरीला हाकलते, म्हणून पहिली परत येते. पहिली तिसरीला हाकलते, म्हणून दुसरी परत येते. हे संपतच नाही, आणि यात कुणाच्या मर्जीचा प्रश्नही नाही, कारण कार्डावर लिहिलंय ते करावंच लागतं. नियम म्हणतो, कुणीच थांबवत नसेल तर डाव बरोबरीत. तुमच्या हातात रिंग फोडणारं कार्ड असलं तरी ते वापरायची सक्ती तुमच्यावर नाही.

दुसऱ्या प्रकारात लूप तुमच्या मर्जीनं चालतो. 2011 च्या फिलाडेल्फिया प्रो टूरमध्ये जिंकलेला स्प्लिंटर ट्विनचा डेक घ्या. डिसीव्हर एक्झार्क या प्राण्यावर स्प्लिंटर ट्विन लावलं की तो स्वतःची नक्कल काढतो, ती नक्कल मूळ प्राण्याला पुन्हा ताजातवाना करते, की लगेच पुढची नक्कल. किती काढायच्या? इथं "अनंत" हे उत्तर चालत नाही. आकडा सांगायचा. दहा लाख म्हणा, एक कोटी म्हणा, पण आकडा हवा. समोरचा तो मान्य करतो, किंवा मधल्या एखाद्या फेरीला "इथं मी काहीतरी करणार" म्हणून थांबवतो. यातली गंमत बघा. एकानं लूप लावून आपलं आयुष्य एक कोटीनं वाढवलं, आणि नंतर दुसऱ्याकडे मारायचा लूप आला, तर तो त्याहून मोठा आकडा सांगून जिंकतो. अनंताला आकडा दिला की शेवटी बोलणाऱ्याचं पारडं जड होतं.

तिसरा प्रकार म्हणजे अस्सल कापूसकोंडा. मी फुकटात माझ्या प्राण्याला उडायची ताकद देते, तुम्ही फुकटात ती काढून घेता, मी परत देते. दोघंही हट्टाला पेटलेले. इथं नियम ठरवून टाकतो की ज्याची पाळी चालू आहे, त्यानं माघार घेऊन वेगळं काहीतरी करायचं. बुद्धिबळात तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी मागता येते, इथं मात्र एकाला हलावंच लागतं.

खरं भांडण चौथ्या प्रकारात आहे. फोर हॉर्समेन नावाचा एक डेक होता. त्यात बसॉल्ट मोनोलिथ आणि मेझमेरिक ऑर्ब ही दोन कार्डं मिळून तुमचीच गड्डी एकेक पान करत कचऱ्याच्या ढिगात टाकतात, हवं तितक्या वेळा. मध्येच इमराकूल नावाचं कार्ड ढिगात पडलं की सगळा ढीग पिसून परत गड्डीत जातो. हवी ती पानं इमराकूलच्या आधी पडली की तुम्ही जिंकलात. नाही पडली? परत पिसा. गणित म्हणतं, कधी ना कधी ती पडणारच, शक्यता शंभर टक्के. पण कितव्या फेरीला, ते कुणीच सांगू शकत नाही. आणि आकडा नसेल तर शॉर्टकट नाही. एकेक पान हातानं उलटायचं, आणि डाव आधीच्याच स्थितीत परत आला तर थांबायचं.

मला आधी हे अन्यायाचं वाटलं होतं. गणितानं जिंकलेला माणूस हरतो म्हणजे काय? मग समोरच्याचा विचार केला. त्यानंही तेवढीच फी भरलीय, घड्याळ त्याचंही चालू आहे. "कधीतरी जिंकेन" एवढ्या आश्वासनावर त्याला किती वेळ बसवून ठेवायचं?

2019 मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी तर कमालच केली. मॅजिकच्या कार्डांमधून अख्खं ट्युरिंग मशीन उभं करता येतं, हे त्यांनी दाखवलं. टेबलावरचे प्राणी म्हणजे मशीनची टेप, प्राण्याची जात म्हणजे टेपवरचं अक्षर. एकदा मांडणी झाली की सगळ्या चाली सक्तीच्या. मशीन थांबलं तर एक खेळाडू जिंकतो. थांबलंच नाही तर डाव संपतच नाही. आणि असं मशीन थांबेल की नाही हे प्रत्येक वेळी सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगनं 1936 मध्येच सिद्ध केलंय. ओब्लिवियन रिंगमध्ये तीच स्थिती परत येते, म्हणून लूप ओळखू येतो. इथं ती परत आलीच पाहिजे असं नाही. म्हणजे "हा डाव संपणार का?" याचं उत्तर जगातला कुठलाही पंच प्रत्येक वेळी देऊ शकणार नाही.

तरीही दर आठवड्याला स्पर्धा होतात आणि निकाल लागतात. कारण नियम अनंताचं कोडं सोडवतच नाहीत. ते फक्त विचारतात, लूप कुणाच्या हातात आहे, आणि तुमचा आकडा काय? मीही कोडमध्ये हेच करते. एखादं उत्तर कधीच येणार नाही हे सिद्ध करत बसत नाही, टाइमआउट लावते.

तर आता कुणी कापूसकोंड्याची गोष्ट सांगायला लागलं, तर हो नाही, नको नाही. विचारा, "किती वेळा?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!