धावपट्टीवरचा एक दिवा दोन कसा दिसतो?

दहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "आमच्या पुस्तकात लिहिलंय की डोळ्यावर प्रतिमा १/१६ सेकंद टिकते. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं पुरेत. मग दादानं १४४ हर्ट्झचा मॉनिटर कशाला घेतला? आणि घेतला तरी विमान उतरवताना धक्के बसतातच!" दादाला संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाचा नाद आहे. प्रश्न रास्त होता. पण पुस्तकातल्या त्या एका वाक्यावर त्याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने खाचा पाडलेली तबकडी आरशासमोर फिरवून तिच्यावरची चित्रे हलती करून दाखवली. प्रतिमा डोळ्यावर रेंगाळते, म्हणून चित्र हलल्यासारखे वाटते, हे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत 'दृष्टिसातत्य' या नावाने आजही टिकून आहे. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. प्रतिमा नुसत्याच रेंगाळत असत्या, तर एकीवर एक चढून त्यांचा काला झाला असता. हालचाल दिसलीच नसती. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन रेषा ठरावीक अंतराने एकापाठोपाठ एक दाखवल्या. पाहणाऱ्यांना एकच रेषा सरकताना दिसली. हालचाल जुळवण्याचे काम मेंदू करतो. तेव्हा प्रश्न एक नसून दोन आहेत. उजेड लुकलुकताना दिसू नये, हा पहिला. हालचाल सलग दिसावी, हा दुसरा.

सिनेमावाल्यांनी या दोहोंची फारकत फार हुशारीने केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. पण सेकंदाला २४ वेळाच उजेड पडला, तर पडदा चांगलाच लुकलुकतो. अधिक चित्रे घ्यावीत तर फिल्म महाग. मग प्रक्षेपकाच्या फिरत्या झडपेला जादा पाते बसवून एकच चित्र दोनदा, काही यंत्रांत तीनदा, उजळवू लागले. नवी चित्रे २४, उजेड मात्र ४८ वेळा! लुकलुक थांबली. पण कॅमेरा झपाट्याने आडवा फिरला की खांब, झाडे धक्क्याधक्क्याने सरकतात, ती खोड राहिलीच.

दूरचित्रवाणीने वेगळी वाट धरली. १९३६ साली बीबीसीने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा वीजपुरवठ्याच्या ५० आवर्तनांशी जुळवून सेकंदाला ५० अर्धी चित्रे पाठवली जात: एकदा विषम ओळी, एकदा सम. कॅमेरा प्रत्येक अर्ध्या चित्रात त्या क्षणाचे दृश्य टिपत असल्याने हालचालही ५० वेळा ताजी होई.

आता विमानाकडे वळू. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ साली वैमानिकांना शिकवण्याचे यंत्र तयार केले. वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, तेव्हा हे खोटे विमान हलवायला भातेही तिथलेच! त्यातल्या प्रशिक्षणाचा भर तबकड्यांवरचे काटे वाचण्यावर होता, त्यामुळे आपला प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. तो आला खिडकीबाहेरचे दृश्य दाखवू लागल्यावर. सुरुवातीला गावे, शेते, धावपट्टी यांची मोठी प्रतिकृती करून तिच्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरवत. चित्र दूरचित्रवाणीचेच, तेव्हा हालचालही सलग.

पुढे संगणक आला. १९६८ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला स्थापन झालेल्या इव्हान्स अँड सदरलँड कंपनीचे नाव या कामात मोठे झाले. पण संगणकाला प्रत्येक चित्र हिशेब करून काढावे लागते आणि हिशेबाला वेळ लागतो. पडदा सेकंदाला ६० वेळा उजळतो. नवी चित्रे मात्र ३० च तयार होतात. मग तेच चित्र दोनदा दाखवायचे. सिनेमाची युक्ती पुन्हा आली, या वेळी नाइलाजाने.

आणि धावपट्टीवरचा एक दिवा दोन दिसू लागला. असे का व्हावे? सरकत्या दिव्यामागे आपली नजर संथपणे, न थांबता फिरत असते. पहिल्या उजेडात दिव्याची प्रतिमा दृष्टिपटलावर एका जागी पडते. १/६० सेकंदाने दिवा पडद्यावर त्याच ठिकाणी पुन्हा उजळतो, पण दरम्यान नजर पुढे सरकलेली असते. प्रतिमा दुसऱ्या जागी पडते. दिवे दोन! नजर एका जागी रोखून धरली, तर हा दोष दिसत नाही. उतरताना वैमानिक जमिनीच्या सरकण्यावरून वेग आणि उंची अजमावतो, म्हणून हा दोष त्याला नेमका अडचणीच्या वेळी भेटतो.

हाच खेळ घरी आला तो ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. त्यांचा खेळ आधी अ‍ॅपल-२ वर आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. त्यात डोंगर म्हणजे चार रेषा.

नंतरच्या चपट्या एलसीडी पडद्यांवर प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत पेटलेलेच राहते. दुहेरी प्रतिमेऐवजी तिथे फराटा दिसतो. दिवा सेकंदाला ९६० बिंदू सरकत असेल, तर ६० हर्ट्झला फराटा १६ बिंदूंचा, १२० ला ८ बिंदूंचा. अर्थात नवी चित्रेही तितकीच येत असतील तर!

दादाची अडचण इथेच होती. त्याचा संगणक सेकंदाला साधारण ६० चित्रे काढत होता. १४४ ला ६० ने भागले की २.४ येतात. म्हणजे काही चित्रे दोनदा दिसणार, काही तीनदा. धक्के या असमानतेचे. चित्रे तयार होतील तसा पडदा उजळवणारे मॉनिटर २०१३ साली जाहीर झाले आणि पुढे रुळले. दादाचा मॉनिटर त्यातला नव्हता. मी त्याला खेळाच्या मांडणीत चित्रांची मर्यादा ४८ वर बांधायला सांगितले: प्रत्येक चित्र बरोबर तीनदा. चित्रे कमी केल्यावर विमान सुधारेल यावर त्याचा विश्वास बसेना. धक्के गेल्यावर बसला.

वर्गात दाखवायचे असेल, तर काळ्या पडद्यावर माऊसचा पांढरा बाण झर्रकन आडवा न्या. नजर पडद्याच्या मध्यावर रोखलेली असू द्या. एकाच्या जागी सुटे सुटे अनेक बाण दिसतील. मग ६० हर्ट्झचा आणि १२० हर्ट्झचा पडदा शेजारी ठेवून, बाण साधारण तितक्याच वेगाने नेऊन मुलांना त्यांच्यातली अंतरे अजमावू द्या.