डेव्हिस-बेकन अधिनियम
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघीय बांधकामांवरील कामगारांना परिसरातील प्रचलित दराने वेतन देणे कंत्राटदारांवर बंधनकारक करणारा कायदा (३ मार्च १९३१). लाँग आयलंडवरील माजी सैनिकांच्या रुग्णालयाचे कंत्राट अ‍ॅलाबामाच्या कंत्राटदाराने मिळवून दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आणले. त्यामुळे तेथील प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी १९२७ मध्ये प्रथम विधेयक मांडले. महामंदीत सिनेटर जेम्स डेव्हिस यांच्या साहाय्याने ते संमत झाले. स्थानिकांनाच कामावर घ्यावे, अशी अट त्यात नव्हती. बाहेरून स्वस्त मजूर आणण्यातील लाभ तेवढा नाहीसा झाला. अनेक कारागीर संघटना कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसत. त्यामुळे कायद्याची झळ त्यांनाच बसली, हा आक्षेप निराधार नाही. १९३५ च्या दुरुस्तीने कंत्राटमूल्याची मर्यादा ५,००० वरून २,००० डॉलरवर आली व दर निविदेपूर्वीच ठरू लागले.