धुराच्या जोरावर : टर्बोचार्जरची कहाणी

विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थ्याला पुढे केले. त्याने जुनी डिझेल इंडिका घेतली होती आणि परवाना काढून तो ती परळीपर्यंत भाड्याने चालवत होता. "सर, गाडी भरली की चढाला दम टाकते. गॅरेजवाला म्हणतो, भंगारातला टर्बो आणून बसवून देतो. बसवू का?" त्यासाठी तो कर्ज काढायच्या बेतात होता.

हो किंवा नाही एवढेच सांगून आम्हाला मोकळे होता आले असते. पण टर्बोचा सारा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. तो वर्गात सांगण्याजोगा असल्याने येथे मांडतो.

इंजिन जितके इंधन जाळते तितके बळ देते, हे आपण जाणतो. पण इंधन जळायला हवा लागते. इंडिकाच्या इंजिनाचे आकारमान १,४०५ घन सेंटिमीटर. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा एवढी हवा आत येते. म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्या होत असतील तर सुमारे १,४०० लिटर. आकारमान ठरलेले, पण वस्तुमान मात्र हवेच्या घनतेवर अवलंबून. सोनपेठ समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, म्हणून हवेचा दाब पाचेक टक्क्यांनी कमी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की १५ अंशांच्या मानाने घनता आणखी नऊ टक्क्यांनी घटते. दोन्ही मिळून इंजिनाच्या वाट्याला सुमारे १३ टक्के हवा कमी येते. गाडी दम टाकते ती उगीच नव्हे!

मग हवा दाबून भरली तर? ती दाबायला शक्ती लागते, आणि ती इंजिनाकडूनच घेतली तर फायद्यातला काही भाग तिथेच खर्ची पडतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याचे लक्ष धुराकडे गेले. इंधनातील ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर वाया जातो. त्या धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबायची, अशी ही कल्पना. १९०५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने तिचे पेटंट घेतले.

कल्पना साधी होती, पण ती व्यवहारात उतरायला वीस वर्षे लागली. लालबुंद होण्याइतक्या तापलेल्या वायूत भरधाव फिरत राहील असा धातू हवा होता, आणि तेवढ्या वेगाला टिकणारे बेअरिंगही. अखेर १९२० च्या दशकाच्या मध्यास 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांवरील डिझेल इंजिनांना ब्यूखीच्या पद्धतीचे टर्बो बसले. त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

दरम्यान विमानांनाही हाच प्रश्न भेडसावत होता. उंचीवर हवा विरळ! फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी पहिल्या महायुद्धात विमानासाठी टर्बो तयार केला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली लिबर्टी जातीचे इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर टर्बोविना २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६!

आपल्याकडे टर्बो प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो रेल्वेच्या रुळांवरून. १९६२ पासून अमेरिकी आल्को बनावटीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. सोळा सिलिंडर, टर्बोची जोड आणि २,६०० अश्वशक्ती. स्थानकातून गाडी सुटताना त्यांतून निघणारा तो चढत जाणारा शीळवजा आवाज अनेक वाचकांच्या कानात असेल.

मोटारीची वाट अधिक खडतर निघाली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची पेट्रोल गाडी टर्बोसह विकायला काढली. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिनात ठोके बसतात. ते टाळायला पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले जाई. पुष्कळ मालक ती टाकी भरायचे विसरत, मग गाडीची ताकद घटे. दोन वर्षांत सुमारे ९,६०० गाड्या निघाल्या आणि उत्पादन थांबले. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

डिझेल इंजिनात फक्त हवाच दाबली जाते, इंधन नंतर फवारतात. म्हणून तिथे ठोक्यांची ही अडचण नाही, आणि टर्बो खऱ्या अर्थाने रुजला तो डिझेलमध्येच. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, तिचे डिझेल इंजिन सुमारे ५३ अश्वशक्तीचे. २००२ च्या अखेरीस आलेल्या इंडिगोत तेवढ्याच १,४०५ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला टर्बो होता आणि शक्ती सुमारे ६२. पिंपरीच्या कारखान्याने जे केले ते सोनपेठच्या गॅरेजात का होऊ नये, असे त्या तरुणाला वाटणे साहजिकच होते.

त्याला आम्ही फळ्यावर हिशेब करून दाखवला. ४० अंशांची हवा दीडपट दाबली तर ती सुमारे ९५ अंशांपर्यंत तापते. त्यामुळे घनता दीडपट न होता जेमतेम २८ टक्क्यांनी वाढते. ती हवा थंड करून ६० अंशांवर आणली तर वाढ ४१ टक्के. म्हणजे टर्बोबरोबर हवा थंड करणारा रेडिएटरही आला. नुसत्या जादा हवेने बळ वाढत नाही, त्या मानाने डिझेल वाढवायचे तर पंप नव्याने जुळवावा लागतो. जास्त डिझेल जळले की दट्ट्ये, हेड गॅस्केट, क्लच, पाण्याचा रेडिएटर या सर्वांवर ताण येतो. टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, त्याला स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा लागतो. भंगारातल्या टर्बोचे बेअरिंग किती झिजले आहे, हे कोण सांगणार? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडू शकते, आणि गाडीत तर रोज परकी माणसे बसणार.

"म्हणजे नको?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, आहे त्या इंजिनाला त्याच्या हक्काची हवा तरी मिळते का, ते आधी पाहा.

महिन्याभराने त्या शिक्षकांचे पत्र आले. एअर फिल्टर उघडला तेव्हा त्यात काळ्या मातीच्या धुळीचा थर घट्ट बसला होता. नवा फिल्टर घातला, इंजेक्टर तपासून घेतले. गाडी भरली की चढाला अजूनही खालचा गिअर लागतो, पण पूर्वीपेक्षा बरी ओढते. कर्ज काढले नाही. जुना फिल्टर त्यांनी शाळेत मागून घेतला असून, सोनपेठच्या मे आणि डिसेंबरमधल्या हवेच्या घनतेचे गणित दहावीच्या मुलांनी त्याच्यासमोर बसून सोडवले.