एक भाव कीं बोली ?

पेठेंतील एखाद्या कापडाच्या दुकानांत 'एकच भाव' अशी पाटी दिसली म्हणजे दोन तऱ्हेचीं गिऱ्हाइकें दोन तऱ्हांनीं वागतात. एक निःशंकपणें आंत शिरतें. दुसरें, येथें आपलें कसब चालावयाचें नाहीं असें ओळखून, पुढच्या दुकानाकडे वळतें. दुकानदारही दोन मतांचे आहेत. भाव आधींच सांगून टाकावा म्हणजे वेळ वांचतो, असें एक म्हणतो. गिऱ्हाइकाच्या तोंडून आंकडा निघेपर्यंत आपण गप्प बसावें, असें दुसरा म्हणतो. हा वाद फार जुना आहे. विशेष हें कीं, इंटरनेटवरील पत्त्यांचीं नांवें, ज्यांना डोमेन-नांवें म्हणतात, हा अगदीं नवा माल बाजारांत आला, आणि त्याबरोबर तोच जुना वाद पुन्हा उभा राहिला.

प्रथम बोलीच्या पद्धतीकडे पाहूं. आपल्या इकडील कापसाच्या व भुसाराच्या बाजारांत पूर्वीं 'हत्ता' नांवाची चाल होती. खरेदीदार व दलाल रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत आणि त्या खुणांनीं भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी जवळच उभा असे. परंतु आपल्या कापसाला कोणीं किती बोली केली हें त्याला कळत नसे. शेवटीं जो आंकडा सांगण्यांत येई तो त्यानें मुकाट्यानें मान्य करावयाचा. वर्षभराचे कष्ट ज्याचे, त्यालाच त्या व्यवहारांत डोळे नसत.

यावर उपाय हळूहळू झाला. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं सरकारी नियमांखालील कापूस-बाजार सुरू झाला. १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ सालच्या आपल्या अहवालांत असे नियंत्रित बाजार सर्वत्र असावे अशी शिफारस केली. पुढें १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत आणि १९६३ सालीं महाराष्ट्र राज्यांत त्यासंबंधीं कायदे झाले. या सुधारकांनीं बोली बंद केली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं रुमाल तेवढा दूर केला. गुप्त खुणांच्या जागीं उघड लिलाव आला.

आतां एकच भाव सांगण्याच्या पद्धतीकडे वळूं. तिचा एक मोठा आरंभ जपानांत झाला. मित्सुइ ताकातोशी नांवाच्या व्यापाऱ्यानें १६७३ सालीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकिओंत, 'एचिगोया' नांवाचें कापडाचें दुकान काढलें. तोंवर तेथील मोठे कापडवाले श्रीमंतांच्या वाड्यावर माल घेऊन जात, माणूस पाहून किंमत सांगत आणि पैसे वर्षांतून एकदोन वेळां सणासुदीला वसूल करीत. उधारी बुडण्याचा धोका असे, म्हणून भावही तितकाच फुगवीत. मित्सुइनें हा सारा क्रम उलटा केला. माल दुकानांत मांडला, रोख पैसे घेतले, भाव सर्वांना एकच ठेवला, आणि लागेल तेवढाच तुकडा फाडून दिला. 'आज रोख, उद्यां उधार' ही आपल्याकडील पाटी वाचून ज्यांना हसूं येतें, त्यांनीं तिचा हा वडील बंधु पाहावा. प्रतिस्पर्धी कापडवाल्यांनीं त्याचा पुष्कळ छळ केला. १६८३ सालीं त्याला दुकान दुसऱ्या पेठेंत हलवावें लागलें. परंतु गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग गेलें.

त्याच शतकांत इंग्लंडांत क्वेकर पंथाच्या लोकांनीं हाच मार्ग धरला, तो मात्र धर्मबुद्धीनें. दहा सांगून सात घ्यावयाचे, तर पहिलें दहा हें असत्य ठरतें, अशी त्यांची समजूत होती. त्यांचे गुरु जॉर्ज फॉक्स यांनीं नमूद केलें आहे कीं, आरंभीं या लोकांचें गिऱ्हाईक तुटलें. पुढें मात्र लोकांच्या अनुभवास आलें कीं, यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी त्याला मोठ्या माणसासारखाच व्यवहार मिळतो. एका भावाचा खरा महिमा यांतच आहे. ज्याला घासाघीस येत नाहीं, ज्याला बाजार ठाऊक नाहीं, त्याचें त्यांत रक्षण होतें. पुढें १८५२ सालीं पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानांत भागीदार झालेल्या आरिस्तिद बुसिको यांनीं आणि फिलाडेल्फिया येथें १८७६ सालीं रेल्वेच्या जुन्या स्थानकांत भव्य दुकान थाटणाऱ्या जॉन वॅनमेकर यांनीं हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालविली. शेंकडों नोकरांच्या दुकानांत प्रत्येकाला घासाघीस करूं देणें शक्यच नव्हतें. मालावरील चिठ्ठीनें तें काम केलें.

परंतु कापडाचा भाव ठरवितां येतो, कारण तसेंच दुसरें ठाण शेजारच्या दुकानांत असतें. जी वस्तु जगांत एकच आहे, तिचा भाव कोणीं व कशावरून ठरवावा ? डोमेन-नांवाची अडचण नेमकी ही आहे.

या नांवांची योजना पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं मांडली. संगणकांना आंकडे कळतात, माणसांना नांवें लक्षांत राहतात. म्हणून आंकड्यांना नांवें जोडावयाचीं, इतकाच मूळ हेतु. 'कॉम' या शेवटाचें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें, तें 'सिंबॉलिक्स' या कंपनीचें. १९९५ पर्यंत नांव नोंदण्यास दाम पडत नसे. त्या वर्षीं दोन वर्षांना शंभर डॉलर असा आकार सुरू झाला. नियम एकच होता : जो प्रथम येईल त्याचें नांव. ज्यांना दूरदृष्टि होती त्यांनीं साधे, सोपे शब्द नोंदून ठेवले. 'बिझनेस-डॉट-कॉम' हें नांव १९९७ सालीं दीड लक्ष डॉलरांना विकत घेतलें गेलें आणि १९९९ सालीं ७५ लक्षांना विकलें गेलें. दोनच वर्षांत ज्या वस्तूचें मोल पन्नासपट होतें, तिच्यावर चिठ्ठी लावण्यास विक्रेत्याचा हात कचरला तर नवल नाहीं.

कायद्यानेंही त्यांत भर घातली. अमेरिकेंत एका गृहस्थानें 'पॅनाव्हिजन' या प्रसिद्ध कॅमेरा-कंपनीचें नांव स्वतः नोंदलें आणि तें सोडण्याकरितां तेरा हजार डॉलर मागितले. १९९८ सालीं अपील-न्यायालयानें त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. १९९९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें 'रेडिफ' या कंपनीच्या बाजूनें निकाल देऊन 'रॅडिफ' या जवळजवळ तशाच नांवाचा वापर रोखला. २००४ सालीं सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें डोमेन-नांवाला व्यापारी नांवाप्रमाणें संरक्षण मिळूं शकतें असें ठरविलें. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या नियमांत तर, दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचें नांव त्यालाच चढ्या दरानें विकण्याच्या हेतूनें नोंदणें, हा दुष्ट हेतूचा पुरावा मानला आहे. सामान्य शब्दांचा प्रामाणिक व्यापार यानें बंद झाला नाहीं. परंतु आपण होऊन कोणाला आंकडा सांगण्यापेक्षां समोरच्यानेंच विचारावें, अशी सावधगिरी विक्रेत्यांच्या अंगीं त्यामुळें बाणली.

यांतून दोन पक्ष निर्माण झाले. एक पक्ष नांवासमोर किंमत लिहितो. ज्याला पटेल त्यानें पैसे भरावे व नांव घेऊन जावें. नवा धंदा काढणारा तरुण रात्रीं दहा वाजतां नांव शोधीत असतो. त्याला आंकडा दिसला तर तो तत्काळ निर्णय करतो, न दिसला तर दुसऱ्या नांवाकडे वळतो. शिवाय नांव राखण्यास दर वर्षाचा खर्च आहेच. दुसरा पक्ष केवळ 'बोली करा' असें लिहितो. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या नांवाला गल्लींतला दुकानदार पांचशें देईल त्यालाच एखादी मोठी कंपनी पांच लक्ष देईल. आधीं आंकडा सांगणें म्हणजे आपलें घर आपणच स्वस्तांत फुंकणें. खरेदीदारही कांहीं भोळा नसतो. मोठा असला तर तो स्वतः पुढें येत नाहीं. दलालाकरवीं, नांव झांकून, लहान माणूस म्हणून विचारतो. अशा रीतीनें रुमाल दोन्ही बाजूंनीं पुन्हा पसरला जातो.

या वादाचा निवाडा इतिहासाच्या आधारें करावयाचा तर तो असा होईल. जीं नांवें साधारण आहेत, ज्यांच्यासारखीं आणखी दहा मिळतील, तीं कापडाच्या ठाणासारखीं आहेत. त्यांवर भाव लिहावा हेंच विक्रेत्याच्याही हिताचें. जीं खरोखर एकमेव आहेत त्यांना बोली मागण्यांत अधर्म नाहीं. परंतु किती रकमेच्या खालीं बोली ऐकली जाणार नाहीं, एवढें तरी उघड सांगावें. कारंजाच्या बाजारानें बोली टाकली नाहीं, झांकण टाकलें. एचिगोयाच्या मालकानें नफा सोडला नाहीं, लपवाछपवी सोडली. भाव एक असो वा बोली असो, दुकानांत पाठविलेलें मूल फसून परत येऊं नये, ही फॉक्स यांच्या काळची कसोटी या नव्या बाजारालाही तितकीच लागू आहे.