कळपात नवा कोंबडा सोडणे

कळपात नवा कोंबडा सोडणे ही परसातील कुक्कुटपालनातील एक टप्प्याटप्प्याने करावयाची प्रक्रिया आहे. जुना कोंबडा मेल्यास, म्हातारा झाल्यास किंवा एकाच नराची संतती वाढून आंतरप्रजनन होऊ लागल्यास बाहेरून नर आणावा लागतो. नवी मुंबईतील मूळ गावठाणांत आणि लगतच्या उरण, पनवेल तालुक्यांतील खेड्यांत अंगणात गावठी कोंबड्या पाळल्या जातात. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असल्यास मात्र कोंबड्याची गरज नसते. उबवण्याजोग्या फलित अंड्यांसाठीच तो लागतो. दाटीवाटीच्या गावठाणात शेजाऱ्यांची झोपमोड टाळू इच्छिणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

विलगीकरण

नव्या कोंबड्यापासून होणारे सर्वांत मोठे नुकसान झुंजीचे नसून रोगाचे असते. राणीखेत (मानमोडी), देवी आणि श्वसनाचे विकार वरकरणी निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यासोबतही येऊ शकतात. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथेही या रोगाचा प्रादुर्भाव झाला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागतात.

म्हणून बाजारातून आणलेला कोंबडा थेट खुराड्यात सोडू नये. तीन ते चार आठवडे तो दूर, वेगळ्या जागी ठेवावा. त्याची दाणापाण्याची भांडी वेगळी असावीत आणि आधी जुन्या पक्ष्यांचे, मग त्याचे काम करावे. लसीकरण, उवा, पातळ विष्ठा, नाकातील स्राव यांची तपासणी याच काळात होते. पक्षी अचानक मेल्यास तो उघड्यावर किंवा खाडीत न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

श्रेणीक्रम

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे वर्णन केले. पहाटे प्रथम आरवण्याचा मानही वरिष्ठ कोंबड्याकडे असतो, असे जपानी संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. नवा नर आला की हा क्रम पुन्हा ठरतो. जुना कोंबडा नसल्यास माद्या सहसा लवकर स्वीकारतात. असल्यास झुंज बहुधा होतेच.

मिसळणे

विलगीकरणानंतर आठवडाभर दोहोंमध्ये जाळी ठेवावी, म्हणजे ते एकमेकांस पाहतील पण इजा करणार नाहीत. नंतर त्यास सायंकाळी, पक्षी दांडीवर बसल्यावर आत ठेवावे आणि उजाडताच लक्ष ठेवावे. खाद्य दोन-तीन ठिकाणी मांडावे व पळून लपण्यास आडोसा असावा. फुगवलेली मान व थोडी टोचाटोची स्वाभाविक आहे. तुऱ्यातून रक्त आल्यास मात्र जखमी पक्षी ताबडतोब वेगळा करावा, कारण रक्त दिसले की इतर पक्षीही तेथेच टोचतात. ‘एकदाचा निकाल लागू द्या’ म्हणून दोघांना लढू देणे चुकीचे आहे. मुद्दाम झुंज लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे.

एका कोंबड्यामागे साधारणतः आठ ते दहा माद्या असाव्यात. माद्या कमी असल्यास वारंवारच्या संयोगाने त्यांच्या पाठीची पिसे झडतात. पाच-सहा माद्यांच्या कळपात दुसरा नर ठेवण्याऐवजी जुना आधी काढून मगच नवा आणतात.