खोल खिडकीपासून उथळ चौकटीपर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "काका, इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला. सोसायटीचा इतिहास सचिवांनी लिहिलाच आहे. बँकेत 36 वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासले, आता म्हटलं, रोज डोळ्यांसमोर असते पण जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही अशा वस्तूचा हिशोब मांडू : आपली खिडकी आणि तिच्यावरचा पडदा.

निमित्त घरातलंच. ताबा मिळाला तेव्हा शिवलेले बेडरूमचे पडदे गेल्या वर्षी अखेर विरले. दुकानातला मुलगा टेप घेऊन आला, मोजमाप केलं आणि म्हणाला, "काका, तुमची फ्रेम उथळ आहे, ब्लाइंड आत बसणार नाही." हे ऐकून मला एकदम आमच्या वाड्यातली माडीवरची खिडकी आठवली. तिच्यात आम्ही तीन भावंडं मांडी घालून बसायचो!

पेठेतल्या त्या वाड्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड. खाली दगड, वर माती-विटा. खिडकीला लाकडी गज आणि आत उघडणाऱ्या झडपा. पडदा म्हणून नव्हताच. भिंतीच्या जाडीमुळे दुपारचं ऊन आत पोचत नसे, आणि बाहेरून बघणाऱ्याला आतलं काही दिसत नसे. म्हणजे भिंत हाच पडदा होता. आजी त्या खिडकीत बसून तांदूळ निवडायची आणि बोळातल्या सगळ्या बातम्या तिथूनच घरात यायच्या.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले, त्यात आमचाही. पाण्यात भिजलेल्या मातीच्या जाड भिंती उभ्या राहू शकल्या नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा. माणसं वाचली, घर गेलं. नंतर आम्ही ज्या दोन खोल्यांत राहायला गेलो तिथे भिंत नऊ इंची, खिडकी लोखंडी, आणि बाहेरून जाणाऱ्याला आमचं ताट दिसायचं. आईने आपल्या जुन्या नऊवारी लुगड्याचे दोन तुकडे करून सुतळीवर ओवले. आमच्या घरातला तो पहिला पडदा.

पुढे बँकेत लागलो आणि पहिलीच नेमणूक मुंबईला. डिसेंबर 1971 चं युद्ध सुरू झालं नि ब्लॅकआउट आला. दादरच्या खोलीत आम्ही चौघांनी तावदानांना काळा कागद चिकटवला. फटीतून उजेड दिसला की खालून शिट्टी आणि ओरडा, "लाईट बंद करा!" पडदा म्हणजे शोभा एवढंच नव्हे, हे तेव्हा कळलं.

बदल्यांनी बाकीचं शिकवलं. नागपूरला उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी. तिच्यावर पाणी मारलं की येणारा वारा गार आणि सुवासिक. व्हरांड्यात बांबूच्या चिका. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या पाहिल्या. उजेड आत येतो, पण मऊ होऊन, आणि बाहेरच्याला काही दिसत नाही. म्हणजे ज्या गावाला जे मिळालं, त्याचा पडदा झाला.

बँकेत मॅनेजरच्या केबिनला आडव्या पट्ट्यांचे 'व्हेनेशियन ब्लाइंड' असायचे. नाव व्हेनिसचं, पण फ्रेंच लोक अशाच पट्ट्यांच्या झडपांना 'पर्सिएन', म्हणजे इराणी म्हणतात. आपला 'पडदा' हा शब्दही फारसीतूनच आला. या ब्लाइंडचं पेटंट इंग्लंडमध्ये 1769 साली घेतलं गेलं. स्प्रिंगवर गुंडाळणाऱ्या पडद्याचं पेटंट अमेरिकेत स्टुअर्ट हार्ट्सहॉर्न यांनी 1864 मध्ये मिळवलं. म्हणजे दुकानात 'लेटेस्ट' म्हणून दाखवतात ती वस्तू दीडशे वर्षांची म्हातारी आहे.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. सिमेंटच्या खांब-तुळयांनी इमारतीचा भार उचलला आणि भिंतीला जाड राहण्याचं कारण उरलं नाही. आपली बाहेरची भिंत सहा इंची. त्यातली बरीच जागा तीन ट्रॅकची ॲल्युमिनियम फ्रेम खाते, कारण तिसरा ट्रॅक डासांच्या जाळीचा. आतल्या बाजूला उरतात जेमतेम दोन इंच. मी स्वतः मोजले. नव्याने पडदे करणाऱ्या सभासदांसाठी माझा अनुभव सांगतो. दोन इंचांत बारीक, एक इंची पट्ट्यांचा ब्लाइंड चौकटीच्या आत बसतो. रोलर आत लावला तर नळी बाहेर डोकावते. उभ्या रुंद पट्ट्या वळायला जागाच नसते. म्हणून रोलर किंवा कापडी पडदा हवा असेल तर चौकटीच्या वर, भिंतीवरच लावावा, आणि दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त घ्यावा, नाहीतर कडेने ऊन आत येतं. आणखी एक. लोंबती गोल दोरी असलेला ब्लाइंड नातवंडांच्या घरात नको. अशा दोरीत मान अडकून लहान मुलांचे जीव गेले आहेत. बिनदोरीचे मिळतात, ते घ्यावेत.

मुलगा म्हणाला, "काका, पूर्ण अंधार करणारा रोलर लावा, दिवसभर बंद ठेवा, प्रायव्हसी आणि गारवा दोन्ही." मी तयारही झालो होतो. पण सौ.ने आठवण केली ती समोरच्या विंगमधल्या काकूंची. त्या एकट्याच राहतात. सकाळी सात वाजता त्यांचा पिवळा पडदा सरकतो, हे आम्हाला घड्याळासारखं पाठ. चार वर्षांपूर्वी एका सकाळी आठ वाजले तरी पडदा सरकला नाही. सौ.ने फोन केला, उचलला नाही. शेजाऱ्यांकडे जादा किल्ली होती. दार उघडलं तर काकू बाथरूमजवळ पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. पहाटेपासून तशाच पडून होत्या. वेळेवर ऑपरेशन झालं, आज काठी घेऊन बागेत फिरतात.

तेव्हा आम्ही रोज सकाळी उघडायचा साधा सुती पडदाच निवडला, चौकटीच्या वर दांडी लावून. आजीची खोल खिडकी आता परत येणार नाही. पण तिचं एक काम दोन इंचांच्या चौकटीतूनही होऊ शकतं : माणूस माणसाच्या नजरेत राहणं. आपल्या सोसायटीत आज माझ्यासारखे सत्तरी ओलांडलेले बरेच जण आहेत, काही एकटे. एक विनंती करतो. रात्री पडदा खुशाल ओढा, पण सकाळी सरकवा. आणि समोरचा सरकला नाही तर बेल वाजवायला लाजू नका.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना मनापासून शुभेच्छा.