एक लाखाच्या चरख्याची गोष्ट

खादी म्हटलं की आपण विदेशी कापडाच्या होळ्या, सत्याग्रह इथपर्यंत येतो आणि थांबतो. आज मला खादीमागच्या इंजिनिअरिंगबद्दल बोलायचंय.

अखिल भारतीय चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न साध्या हिशोबाचा होता. एका चातीवर बाई दिवसभर बसली, तरी सूत निघणार किती? मग मजुरीही जेमतेम काही आणेच. म्हणून १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी बक्षीस जाहीर केलं. किती? एक लाख रुपये! त्या काळातले!

आता अटी ऐका. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालणारं. एका बाईला फार न दमता ते ८ तास चालवता यावं. सूत १२ ते २० नंबरचं निघावं. (एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तो त्याचा नंबर. नंबर मोठा, तितकं सूत बारीक.) किंमत १५० रुपयांच्या आत. आणि नीट देखभाल केली तर यंत्र २० वर्षं टिकावं.

मी सॉफ्टवेअरवाला, रिक्वायरमेंट्स वाचणं हे रोजचंच काम. पण वापरणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या अशा अटी क्वचितच बघायला मिळतात. गोची एवढीच, की या अटी एकमेकींशी भांडतात. चात्या वाढवल्या की जोर जास्त लागतो, वजन वाढतं, किंमत वाढते. जोर कमी करायला मोटर लावावी, तर मग ती छोटी गिरणीच झाली!

आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असं यंत्र तयार झालं, पण ते कसोटीला उतरलं नाही. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. अनेक चात्यांचा अंबर चरखा प्रचारात आला तो थेट १९५० च्या दशकात, तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्यामुळे.

मधल्या काळात काय झालं? मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणारीला पोटापुरती मजुरी द्यायचं ठरवलं. खादी महागणार, गिऱ्हाईक कुरकुरणार, हे माहीत असूनही! म्हणजे यंत्राला जो हिशोब जमला नाही, तो त्यांनी कापडाच्या किमतीत मांडला. तोवर स्वस्त खादीतली सूट कातणारीच्या पोटातून जात होती.

म्हणून कापड घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. सूत हाताचं की गिरणीचं? विणलंय हातमागावर की पॉवरलूमवर? दोन्ही हाताचं असेल तरच ती खादी. गिरणीचं सूत हातमागावर विणलं, तर ते हातमागाचं कापड. तेही छानच, पण त्यात कातणारीचा वाटा नाही. उत्तर मिळालं की मग किमतीकडे बघा. दोन सदरे कमी घेतले तरी चालतील.

भेटूया पुढच्या भागात!